वेळणेश्वरची कॅराव्हॅन आणि तीन काळ्या बाटल्या

दसरा होऊन चार दिवस झाले होते. मावसभावाचा फोन आला. "ताई, कॅराव्हॅनच्या नळाला कुजका वास मारतोय. टीसीएलची ब्लीचिंग पावडर टाकून टाकी धुतली, दोन दिवस बरं होतं, परत तेच. दिवाळीत निघायचंय, बरोबर पोरं आहेत."

मी चोवीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. विहिरी, बोअर, गावच्या टाक्या, शाळांच्या टाक्या, सगळं पाहिलं. चाकांवरची टाकी मात्र पहिल्यांदाच पाहत होते. २०२१ मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून अशी वाहनं कोकणात अधूनमधून दिसू लागली आहेत. त्यांच्या पाण्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही, म्हणून हे प्रकरण पहिल्या दिवसापासून मांडते आहे.

वाहन आणि पाण्याची वाट

गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला दोन चाकी ट्रेलर. मागच्या बाकाखाली १०० लिटरची प्लास्टिकची टाकी, तिला वर हात जाईल एवढं झाकण. टाकीतून पाणी एका जाळीतून १२ व्होल्टच्या छोट्या पंपाकडे जातं. पुढे कार्बनचा फिल्टर, मग दोन फाटे. एक थंड पाण्याचा. दुसरा ६ लिटरच्या विजेच्या गीझरमधून गरम पाण्याचा. शेवटी स्वयंपाकाचा नळ, बेसिन, आतला शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि बाहेर मागच्या बाजूला, समुद्रावरून आल्यावर पायांची वाळू धुवायला, एक हँडशॉवर. हा बाहेरचा हँडशॉवर लक्षात ठेवा.

मेअखेर दक्षिणेकडच्या एका मुक्कामी बोअरचं पाणी भरलं होतं. पावसाळा लागला तसा ट्रेलर वेळणेश्वरच्या वाडीत, पोफळींच्या कडेला, ताडपत्रीखाली गेला. टाकीत पाव टाकीभर पाणी राहिलं, ते कोणी सोडलं नाही. जून ते ऑक्टोबर, बंद टाकी, दमट उकाडा. यापुढे काय होणार हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पहिला प्रयत्न का फसला

भावाने दोन वाट्या टीसीएल पावडर थेट टाकीत ओतली, वर पाणी भरलं, अर्धा तास ठेवलं आणि सोडून दिलं. पाणी चहासारखं तांबूस झालं. पंप कण्हू लागला. नळाची धार निम्म्यावर आली.

दोन वाट्या म्हणजे २०० ग्रॅम धरू. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन ३० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे ६० ग्रॅम क्लोरीन १०० लिटरमध्ये, लिटरला ६०० मिलिग्रॅम. पावसाळाभर गोठ्यातल्या डब्यात पडलेली पावडर दमट हवेने निम्मी मेली असं धरलं तरी ३०० राहतात. टाकी निर्जंतुक करायला लिटरला ५० पुरतात. मग सहापट मात्रा पडूनही वास परत का आला?

पहिलं कारण, पावडर विरघळत नाही. तिच्यातला क्लोरीन पाण्यात उतरतो आणि चुना खाली बसतो. तो चुना पंपाच्या जाळीत जाऊन अडकला. गावच्या टाकीला टीसीएल देतानाही पावडर बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं पाणीच घालायचं असतं.

दुसरं, नळ उघडलेच नाहीत. क्लोरीन टाकीत राहिला आणि टाकीतूनच निचऱ्याच्या नळाने जमिनीवर गेला. पाईप, गीझर, शॉवर यांना त्याचा स्पर्शही झाला नाही.

तिसरं, वेळ. अर्धा तास.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टाकीच्या झाकणातून हात घातला तर भिंतीला बुळबुळीत तांबूस थर लागला. भाऊ म्हणाला, "शेवाळ." शेवाळाला उजेड लागतो, बाकाखालच्या अंधारात ते धरत नाही. हा जिवाणूंचा चिकट थर होता आणि त्यात बोअरच्या पाण्यातलं लोह मुरलेलं होतं. असा थर अंगावर चिखल थापून बसलेल्या म्हशीसारखा असतो, वरून किती पाणी मारा, आत पोचत नाही. क्लोरीन थराच्या वरच्या पदराशी झगडून संपतो, आतले जिवाणू जिवंत राहतात आणि दोन दिवसांत पुन्हा पसरतात.

पाणी तांबूस झालं ते त्यात विरघळलेल्या लोहाचा क्लोरीनने गंज केला म्हणून. भावाला वाटलं होतं की लोहानेच सगळा क्लोरीन खाल्ला. तसं नव्हतं. एक मिलिग्रॅम लोहाला साधारण ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. लिटरला ४-५ मिलिग्रॅम लोह म्हणजे खूपच झालं, तरी तिथे तीनच मिलिग्रॅम खर्ची पडतात. लोह डोळ्यांना दिसतं म्हणून त्याच्यावर आळ येतो. खरा खादाड तो थर.

विहीर, पाईप की टाकी

काका, म्हणजे भावाचे वडील, ओटीवर बसून ऐकत होते. कोणीतरी "विहिरीचं पाणी" असा शब्द काढला मात्र, ते उठून उभे राहिले. "माझ्या आज्याने जांभा फोडून खणलेली विहीर आहे ती. आजवर कोणाला बाधलेलं नाही तिचं पाणी." त्यांचा राग मला पटला. तपासल्याशिवाय विहिरीला नावं ठेवू नयेत, तशीच शाबासकीही देऊ नये.

माझ्याकडे एच-टू-एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणाऱ्या चाचणीच्या बाटल्या असतातच. आत औषध लावलेली पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि घरातल्या उष्णतेला २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैल्याशी संबंधित जिवाणू असण्याची दाट शक्यता. एक काळजी घ्यावी लागते. ज्या पाण्याला आधीच कुजक्या अंड्यासारखा वास आहे ते या बाटलीत भरू नये, जिवाणू नसतानाही ते काळं पडू शकतं. आमच्या गरम नळाला तसाच वास होता, थंड नळाला नुसता कुबट. म्हणून नमुना थंड नळाचा घेतला.

तीन बाटल्या भरल्या. एक थेट विहिरीतून, धुतलेल्या कळशीने. विहिरीत महिनाभरात पावडर पडलेली नव्हती, म्हणून त्या चाचणीला अर्थ होता. दुसरी, विहिरीवरच्या पंपापासून ट्रेलरपर्यंत जाणाऱ्या पाईपच्या तोंडाशी. तिसरी स्वयंपाकाच्या नळाची, आणि ती मात्र टाकीतला उरलासुरला क्लोरीन पूर्ण गेल्याची खात्री करून. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटली खोटी साक्ष देते.

सकाळी पाहिलं तर पाईपची बाटली काळी. नळाचीही काळी. विहिरीची दोन दिवस तशीच राहिली. काकांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि काहीच बोलले नाहीत.

मग पाईप हातात घेतला. हिरवट, पारदर्शक, बागेचा. आतून खरंच शेवाळ धरलेलं, कारण इथे ऊन होतं. भावजय हळूच म्हणाली, "ताई, टॉयलेटची कॅसेट पण आम्ही ह्याच पाईपने धुतो." कॅसेट म्हणजे टॉयलेटखालचा, मैला साठणारा सुटा डबा. तिला ओशाळं वाटलं, पण तिने सांगितलं म्हणून प्रकरण पुढे सरकलं. कॅसेट धुताना पाईपचं तोंड आत जातं, शिंतोडे उडतात, मग तोच पाईप टाकीच्या तोंडात. पिण्याच्या पाण्याचा पाईप वेगळा, अपारदर्शक, वापरानंतर निथळून दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवलेला असा हवा. कॅसेटचा पाईप दुसऱ्या रंगाचा आणि दुसऱ्या कप्प्यात. जुना पाईप त्याच दिवशी माडांच्या आळ्यांकडे गेला.

आधी खरवडणं

क्लोरीनची बाटली उघडण्याआधी पूर्ण एक दिवस नुसत्या सफाईत गेला, आणि तो दिवस वाचवता येत नाही. पंपाची जाळी काढून चुना धुतला. नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढल्या. फिल्टरमधला कार्बन काढून टाकला, घर तेवढं परत बसवलं. कार्बन आत राहिला तर क्लोरीन तिथेच संपतो, आणि जुन्या कार्बनमध्ये जिवाणूही सुखाने राहतात.

झाकणातून जेवढा हात पोचला तेवढी टाकी फडक्याने पुसली. उरलेल्या कोपऱ्यांसाठी ३० लिटर पाणी आणि मूठभर खाण्याचा सोडा टाकीत घातला, ट्रेलर गाडीला जोडला आणि हेदवीच्या वाटेवर फिरवून आणला. त्या रस्त्याची वळणं आणि चढउतार यांनी टाकी आतून जशी घुसळली तशी कोणत्याही ब्रशने घुसळली नसती. परत येऊन निचरा उघडला तर पाण्याबरोबर तांबड्या चिंध्या बाहेर आल्या. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी पाणी जवळपास स्वच्छ आलं.

गीझरचं वेगळं. भिंतीतून प्लग काढला, पाणी थंड होऊ दिलं, मग रिकामा केला. फक्त गरम पाण्याला अंड्याचा वास येतो तेव्हा संशय गीझरवरच घ्यावा. टाकी गंजू नये म्हणून त्यात मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो झिजताना हायड्रोजन सुटतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना तो आयता मिळतो आणि ते सल्फाइडचा वायू सोडतात. आमचा रॉड खाऊन खाऊन पेन्सिलीएवढा झाला होता. एरवी गीझर बायपास करून क्लोरीनच्या वाटेतून वगळतात. इथे जिवाणूंचं घरच गीझरमध्ये होतं, म्हणून मी तो वाटेत घेतला. अट एकच, क्लोरीन आत असेपर्यंत प्लग लावायचा नाही.

मात्रा

अमेरिकेत कॅराव्हॅनवाल्यांचा रूढ हिशोब असा : १५ गॅलन, म्हणजे ५७ लिटर टाकीला पाव कप, म्हणजे ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच, आणि चार तास. मी तो स्वतः मोजून पाहिला. टाकी १०० आणि गीझर ६, एकूण १०६ लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम म्हणजे ५.३ ग्रॅम क्लोरीन. पाच टक्क्यांच्या द्रावणात लिटरला साधारण ५० ग्रॅम असतो, म्हणून १०६ मिलिलिटर. तिकडच्या हिशोबाने १११ येतात. आम्ही ११० घेतले.

द्रावण साधं सोडियम हायपोक्लोराइट हवं. सुवासिक, दाट, साबण मिसळलेलं नको. बाटलीवरची टक्केवारी आणि तयार झाल्याची तारीख दोन्ही वाचायची, कारण उष्णतेत ते आपोआप कमकुवत होतं आणि आपल्याकडच्या दुकानात बाटली उन्हाच्या बाजूलाच असते. तालुक्याला मिळालेली पहिली बाटली वर्षाहून जुनी निघाली, ती मी परत दिली. टीसीएलच वापरायची वेळ आली तर ३० टक्क्यांच्या ताज्या पावडरीचे १८ ग्रॅम, बादलीत कालवून, निवळवून, फडक्यातून गाळून.

भावाने विचारलं, "जरा जास्त घातलं तर?" जास्त नको. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, हायपोक्लोराइट वाढवलं की त्याचा सामू (पीएच) पटकन वर चढतो, आणि सामू वाढला की क्लोरीनची मारक ताकद उतरते. शिवाय पंपाच्या आतला रबरी पडदा आणि नळांचे वायसर कडक होतात. पहिल्या सहापट मात्रेनंतर पंपाचा आवाज बदलला होता तो अजून पूर्ववत झालेला नाही.

याच दिवशी व्हिनेगरने क्षार काढू, अशी भावजयीची सूचना होती. ती मी ठामपणे थांबवली. क्लोरीन आणि कोणतंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो की संडास धुवायचं ॲसिड, एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि ट्रेलरची खोली केवढीशी असते! क्षार काढायचे तर वेगळ्या दिवशी, पाणी पूर्ण बदलून.

किती घातलं नव्हे, किती उरलं

११० मिलिलिटर बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतलं, मग नव्या पाईपने वरच्या हवेच्या नळीतून पाणी बाहेर येईपर्यंत टाकी भरली. टाकीचं छत आणि ती नळीही भिजायला हवी. खिडक्या उघड्या. पंप चालू करून एकेक नळ, आधी थंड मग गरम, वास येईपर्यंत उघडला. वास नाकाने घेतला, पण नाक लवकर मरतं, तिसऱ्या नळानंतर सगळीकडेच क्लोरीन वाटतो. म्हणून मोजलं.

ग्रामपंचायतीत असते तीच ओ. टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायची. थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. पन्नासच्या पाण्यात ती सरळ भगवी होते आणि वाचता येत नाही. म्हणून ४ मिलिलिटर नमुन्यात बाटलीबंद पाणी घालून १०० मिलिलिटर केलं आणि आकडा २५ने गुणला. सुरुवातीला पट्टीवर २, म्हणजे ५०. रंग पहिल्या काही सेकंदांतच वाचायचा, नंतर तो उगाच गडद होत जातो. चाचणीचं पाणी टाकीत परत ओतायचं नाही आणि हात धुवायचे.

चार तासांनी स्वयंपाकाच्या नळाला ०.४ आलं. म्हणजे १०.

एवढं घासूनपुसून चाळीस मिलिग्रॅम कोणीतरी खाल्ले होते. पाईपांच्या आत हात पोचत नाही, थर तिथे होता. घड्याळाने चार तास पूर्ण झाले, पण जिवाणूंच्या दृष्टीने पन्नासाचे चार तास झालेच नव्हते. बहुतेक जण इथे पाणी सोडून देतात, आणि देतील का नाही? कृती तर पूर्ण झालेली असते. आम्ही टाकी रिकामी केली, तीच मात्रा पुन्हा भरली, पुन्हा सगळे नळ. या वेळी चार तासांनी पट्टी दीड आणि दोनच्या मध्ये थांबली, चाळीसच्या आसपास. खायला फारसं उरलं नाही, एवढा त्याचा अर्थ. तिथे मी थांबले.

सोडलेलं पाणी पिंपात धरून दोन दिवस उघड्या उन्हात ठेवलं, क्लोरीन उडून गेल्याचं तपासलं आणि मग वाटेवर ओतलं. विहिरीच्या कडेला नाही, पऱ्यातही नाही. मग ताज्या पाण्याने टाकी तीनदा भरून, सगळे नळ वाहते करून, प्रत्येक नळाचा आकडा ०.५च्या खाली आणला. गीझरचा नवा रॉड ॲल्युमिनियम-जस्ताचा हवा होता, तो जवळपास मिळाला नाही, भावाने पुण्याहून मागवला.

तिसरी काळी बाटली

क्लोरीन शून्यावर येऊन टाकी एक दिवस तशीच उभी ठेवली, मग पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी प्रत्येक तोंडाची एक. स्वयंपाकाची स्वच्छ, बेसिनची स्वच्छ, आतल्या शॉवरची स्वच्छ. बाहेरचा हँडशॉवर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळा.

मी भावाला एवढंच विचारलं, "बाहेरचा कसा उघडला होतास?" त्याने दाखवलं. डावीकडचा गरम नळ पूर्ण उघडला, वास आला, बंद केला. उजवीकडचा थंड नळ उघडलाच नव्हता. दोन्ही वेळा. त्या फाट्यात मेपासूनचं पाणी अडून राहिलं होतं, आणि हँडशॉवरच्या लवचिक नळीत वेगळं. पोरं समुद्रावरून येतात ती आधी याच शॉवरखाली तोंड धुतात, पाणी तोंडातही जातं.

दोष त्याचा म्हणून मी हे लिहीत नाही. प्रत्येक नळ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा उघडायचा, हे मी तोंडी सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं नव्हतं. पाच तोंडं, त्यांतल्या चारांना दोन बाजू. ते लक्षात ठेवण्याचं काम नव्हे, खूण करण्याचं आहे. आता झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे, नऊ चौकटींचा.

लवचिक नळी फेकली, शॉवरचं डोकं क्लोरीनच्या बादलीत बुडवून ठेवलं, आणि त्या एका फाट्यासाठी पूर्ण टाकी पुन्हा त्याच मात्रेने भरली. भावाला ते जास्तीचं वाटलं. मला नाही, कारण अडलेल्या फाट्यातलं पाणी पंप बंद असताना मागे सरकून बाकी पाईपांत मिसळू शकतं.

त्यानंतर

ट्रेलर दिवाळीत तवसाळ-जयगड फेरीबोटीतून पलीकडे गेला. वाटेत टाकी जिथे भरतील तिथे ओ. टी. पाहायची असं ठरलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, तो नसला तर थेंबाच्या औषधाने आणायचा. बोअरचं पाणी घ्यावंच लागलं तर आधी रात्रभर पिंपात, लोह खाली बसू द्यायचं. प्यायचं पाणी त्यांनी तरीही स्टीलच्या कळशीत उकळून वेगळं नेलं, आणि मी त्याला हरकत घेतली नाही.

पावसाळ्याआधी काय करायचं तेही त्याच कागदावर आहे. सगळं पाणी सोडायचं, गीझरसकट. निचऱ्याचे नळ आणि ट्रेलरमधले नळ उघडेच ठेवायचे. हवेच्या नळीवर बारीक जाळी, नाहीतर कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर करते. ताडपत्रीच्या बाजू मोकळ्या ठेवायच्या, वारा खेळला पाहिजे.

भाऊबीजेच्या दिवशी भावाने फोटो पाठवला. बाहेरच्या हँडशॉवरची बाटली, थंड बाजूची, ४८ तासांनंतर. पाणी भरलं तेव्हा होतं तसंच होतं. शेजारी काकांनी स्वतःहून विहिरीची एक भरून ठेवली होती.